हिरवे नाणे जुनेच असते काय?

1/ मुहम्मद तुघलकाच्या दाताची म्हणून ओळखली जाणारी कबर बीडजवळ आहे. त्याने इ.स. 1330 च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवली आणि बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला. त्याच बीडमध्ये ‘हिरवे आहे, म्हणजे जुने’ हा युक्तिवाद आजही खपावा, हे खेदजनक आहे.

2/ मीठ आणि व्हिनेगर लावलेले नवे तांबेही काही दिवसांत हिरवे पडते. रंगावरून वय ठरत नाही.

3/ नैसर्गिक थर धातूतूनच वाढतो: तळाशी तांबूस क्युप्राइट, वर हिरवा मॅलेकाइट. तो कठीण व धातूशी एकजीव असतो. चढवलेला रंग खाचांत साचतो. अॅसिटोनने पुष्कळदा निघतो.

4/ शिवराई चिंचेने घासून लखलखीत करणारेही तितकेच दोषी आहेत. आम्लाने थर विरघळतो. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे त्या थरातच उरली असतील, तर तीही जातात.

5/ भुरभुरणारी फिकट हिरवी पूड दिसली, तर मात्र तो क्लोराइडचा रोग समजावा आणि नाणे संवर्धकाला दाखवावे.

6/ मित्रहो, आधी वजन, ठसा आणि अक्षरवळण तपासा. रंगाचा विचार त्यानंतर करा.