शिकतोस? मग काम नाही!

मी उर्दू शाळेत शिकवते. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा परवा लोणंदच्या स्टेशनवर भेटला. बी.कॉम.चे दुसरे वर्ष. अब्बा अंथरुणाला खिळलेले. बाजाराच्या दिवशी हा कांद्याची पोती उचलतो आणि त्या दिवशीचे तास बुडवतो. एका कारखान्यात कायमच्या कामासाठी गेला, तर साहेब म्हणाले, "डिग्री घेऊन ये." दुसरीकडे ऐकले, "कॉलेज सोडून ये." घरी मामूंनी निकालच लावला, "इत्ता पढके क्या होनेवाला है?"

हा दोष एकट्या कारखानदाराचा नाही. शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी पास उमेदवाराला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. चांगलेच झाले. पण अट काय? ज्याचे शिक्षण चालू आहे, तो अपात्र! म्हणजे शिकणे हाच गुन्हा. काम करावे, तर कॉलेज ७५ टक्के हजेरी मागते. २०२० चे शैक्षणिक धोरण सांगते, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घ्या, दुसऱ्यानंतर पदविका घ्या, बाहेर पडा, हवे तेव्हा परत या. या दारातून आधी बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरी पिठाचा डबा रिकामा आहे तोच. आणि संसाराला जुंपलेला माणूस परत कधी येणार?

हे घडते कुठे? तर कर्मवीर भाऊरावांच्या सातारा जिल्ह्यात! १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९४७ साली 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. काम की शिक्षण, असा सवाल अण्णांनी कुणाही गरीब मुलाला केला नाही. मुले राबली आणि शिकली.

आता थोडे आपल्याबद्दल. २००६ च्या सच्चर अहवालानुसार विशीपुढच्या शंभर मुसलमानांत पदवी वा पदविका घेतलेले चारही नव्हते. देशाची सरासरी सातच्या आसपास होती. २०१४ साली राज्यात ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला आणि विरून गेला. त्यासाठी जरूर भांडू. पण मोहल्ल्यातली गॅरेजे, बेकऱ्या, फळांची दुकाने कुणाची आहेत? आपलीच ना? तिथे काम करणाऱ्या पोराला "परीक्षेचे पंधरा दिवस ये नको, पगार कापणार नाही" असे आपल्यापैकी किती जण म्हणतात? आणि मुलगी शिकता शिकता शिकवण्या घेते म्हटले, तर आपल्या कपाळाला आठ्या! लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. आपण लग्नाच्या दावतीतली एक देग कमी करायला तयार नाही.

बांधवांनो, शासनाकडे ती अट काढून टाकण्याची मागणी करू. कमावणाऱ्या मुलांसाठी कॉलेजांनी सकाळचे वर्ग भरवावेत, असा आग्रह धरू. पण दुकानाच्या वेळा बदलायला आपल्याला कुणाच्या अध्यादेशाची गरज नाही.

त्या मुलाची तिसऱ्या वर्षाची फी भरायची तारीख जवळ आली आहे. त्याला खैरात नको. दुपारनंतरचे चार तासांचे काम हवे. आहे का कुणाकडे?