अठ्ठेचाळीस भट्ट्यांचा हिशेब
‘फॅक्टोरिओ’ या संगणकीय खेळात लोखंड गाळण्याची आटोपशीर रांग बसवताना नवखे जागा वाचवू पाहतात, वाचवायचा असतो तो खोळंबा. साधा पट्टा सेकंदाला 15 नग वाहतो आणि दगडी भट्टी एका पत्र्याला 3.2 सेकंद घेते, म्हणून पट्टाभर मालाला 48 भट्ट्या लागतात. पोलादी भट्टी दुप्पट वेगाची; तिथे 24 पुरतात, जागाही आपसूक निम्मी. अकोला-अमरावतीच्या जिनिंगवाल्यांना यात नवल नाही: सरकी काढणारे रेचे कितीही वाढवा, गाठी बांधणारा प्रेस मागे पडला की रुईचे ढीग लागणारच. खेळातलं खनिज ओलं होत नाही, वऱ्हाडातला कापूस होतो, हा आक्षेप रास्तच. पण ओलाव्याने रेच्यांचा आकडा बदलेल. सर्वांत मंद यंत्रापासून मोजायची रीत बदलत नाही.