फुलराणीचा गळा आणि आपले कान

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि समुद्रापलीकडच्या आमच्या अलिबाग-मांडव्याच्या किनाऱ्याला नवा शेजार मिळाला. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. टीव्ही असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी, पण संध्याकाळी त्या घरांच्या ओटीवर आळी लोटायची. त्या पडद्यावर स्वच्छ, ठाशीव मराठीत बातम्या सांगून ज्यांनी घराघरांत ओळख मिळवली, त्यांत भक्ती बर्वे होत्या. वडीलधारी मंडळी मुलांना सांगत, बोलावे तर असे!

आणि याच भक्तीबाई १९७५ साली 'ती फुलराणी'त मंजुळा साळुंके होऊन उभ्या राहिल्या. फुले विकणारी, फटकळ, पंडितांच्या लेखी 'अशुद्ध' बोलणारी मंजुळा. बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' १९१३ साली व्हिएन्नात प्रथम रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी ते मराठी मातीत असे रुजवले की मूळ झाड परदेशी, हे विसरायला व्हावे. एक प्राध्यापक पैज मारून या मुलीला शुद्ध बोलायला शिकवतो, ही त्याची गोष्ट. सतीश दुभाषींच्या प्राध्यापकासमोर भक्तीबाईंची मंजुळा पाहणे हा त्या काळी घरोघरचा बोलण्याचा विषय होता.

मला यात नेहमी एक गंमत वाटत आली आहे. ज्या गळ्यातून महाराष्ट्राने प्रमाण मराठी ऐकली, त्याच गळ्यातून मंजुळेचा ठसका आला. रोजच्या प्रयोगात पहिल्या अंकातली बोली, मग शिकतानाची अडखळ आणि शेवटी कमावलेली वाणी, एवढी चढण त्या चढत. सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीवरून आलेल्या या अभिनेत्रीने पुढे पुष्कळ काम केले. 'आई रिटायर होतेय' केले, 'गांधी विरुद्ध गांधी'त कस्तुरबा उभी केली, १९८३ च्या 'जाने भी दो यारो' या हिंदी चित्रपटात बेरकी संपादिका रंगवली. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी लोकांच्या जिभेवर राहिली ती मंजुळाच.

आणि मंजुळेतही कुठली? नाटकाच्या अखेरीस नीटनेटके बोलणारी नव्हे. प्राध्यापकाला धडा शिकवायची स्वप्ने बघणारी, आपल्याच भाषेत त्याचा उद्धार करणारी मंजुळा. टाळ्या तिला पडल्या. ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही, त्यांनीही तिचे ते स्वगत ऐकलेले असते.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या शाळांत एकपात्री स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी पुष्कळदा बसलो आहे. हे स्वगत झाले नाही अशी स्पर्धा मला आठवत नाही. पदर खोचून एखादी मुलगी मंजुळेच्या ठसक्यात बोलू लागते, सभागृह डोक्यावर घेते आणि चषक घेऊन घरी जाते. पण त्याच शाळेत आगरी किंवा कोळी घरातली दुसरी मुलगी वर्गात 'पाणी' ऐवजी 'पानी' आणि 'शाळा' ऐवजी 'शाला' म्हणाली, तर बाके हसतात, आणि कधी कधी शिक्षकही. मुरूड-श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान घरांतल्या मुलांचीही हीच गत. म्हणजे रंगमंचावर केली तर ती कला, आणि घरातून आणली तर ती चूक! हा न्याय मला पटत नाही.

याचा परिणाम दिसू लागला आहे. आजी नातीशी आगरीत बोलते, नात उत्तर देते प्रमाण मराठीत नाहीतर इंग्रजीत. आईबापांना वाटते, बोली सुटली की पोर पुढे गेली. पण होडी, जाळे, मिठागर, भरती-ओहोटी, मासळीच्या जाती यांचे कितीतरी बारीक शब्द फक्त त्या बोलींतच आहेत. बोलीबरोबर तेही जातील, आणि शब्दकोश चाळून परत येणार नाहीत.

प्रमाण भाषा नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. परीक्षा, अर्ज, कचेरी, कोर्ट यांचे दार तिनेच उघडते. गावच्या मुलांना ती न शिकवणे म्हणजे त्यांच्यासाठी ते दार लावून घेणे. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी पुसावी लागते, हे कोणी सांगितले? भक्तीबाईंकडे पाहा. मंजुळा साकारताना त्यांच्या बातम्यांतला 'ण' कधी ढळला नाही, आणि बातम्यांच्या सवयीने मंजुळेची धार कधी बोथट झाली नाही. 'पाणी' शिकवावेच, पण 'पानी'ला हसू नये. एवढा फरक शिक्षकांनी आणि पालकांनी सांभाळला तरी पुष्कळ आहे.

भक्तीबाईंचे पती, अभिनेते शफी इनामदार १९९६ साली गेले. १२ जून २००० रोजी पु. ल. गेले. भक्तीबाई मात्र 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकटीचा कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरत राहिल्या. वाईचा प्रयोग करून मुंबईला परतताना १२ फेब्रुवारी २००१ रोजी द्रुतगती मार्गावर, भाताणच्या बोगद्याजवळ अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५२. भाताण आमच्याच रायगड जिल्ह्यातले. फुलराणीला घेऊन निघालेला त्यांचा प्रवास आमच्या जिल्ह्यात थांबला, ही रुखरुख आम्हा रायगडकरांना आहे.

मंजुळा मात्र थांबलेली नाही. अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी पुढे ती भूमिका केली, आणखीही कोणी करील. नाटकाची काळजी नाही. काळजी आहे ती घराची. भक्तीबाईंची आठवण ठेवायची तर पुतळा नको आणि पुरस्कारही नको. घरातले लेकरू आजीच्या बोलीत काही सांगू लागले, तर ते वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करू नये. त्याला ते पुरे करू द्यावे.