पत्ता कंपनीचा नको, सर्वांचा हवा

अकोल्याचे बैदपुरा, अकोट फैल असो की अमरावतीची जमील कॉलनी, आपल्या मोहल्ल्यांत पत्ता सांगायची रीत एकच: मशिदीच्या मागे, अमक्या किराणा दुकानासमोरची गल्ली. शेजाऱ्याला एवढे पुरते. रात्री रुग्णवाहिका घेऊन येणाऱ्या १०८ च्या चालकाला पुरत नाही.

यावर ‘व्हॉट थ्री वर्ड्स’ या लंडनच्या कंपनीने सोपा तोडगा काढला. जगाचे ३ मीटर बाय ३ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला तीन शब्दांचे नाव दिले. लक्षात ठेवायला छान. पण कोणत्या चौकोनाला कोणते शब्द, याची किल्ली कंपनीच्याच हातात. २०२१ मध्ये या पद्धतीची मोफत प्रत इतरांना देऊ करणाऱ्या एका संशोधकाला कंपनीच्या वकिलांचे पत्र गेले. माझ्या घराचा पत्ता सांगायला कंपनीची मर्जी का लागावी?

खुले पर्याय आहेत. गुगलच्या ‘प्लस कोड’चे सूत्र कोणालाही फुकट वापरता येते, कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत घरांना असे कोड दिले गेले आहेत. आपल्या डाक विभागाने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससीसोबत ‘डिजिपिन’ तयार केला आणि २०२५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. दहा अक्षर-अंकांचा हा कोड सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरची जागा दाखवतो. तो अक्षांश-रेखांशावरून गणिताने निघतो, त्यामुळे इंटरनेट नसले तरी मोबाइलमध्ये काढता येतो. ४४४ ने सुरू होणारा आपला पिनकोड वापरताना आपण कोणाची परवानगी घेत नाही, हेही तसेच.

मर्यादाही ओळखा. चार मजली घराच्या चारही मजल्यांचा कोड एकच येतो. कोड म्हणजे मालकीचा पुरावा नाही. महापालिकेकडे घर क्रमांक आणि गल्लीला नावाची पाटी मागण्याचा आपला हक्क त्याने संपत नाही. आणि नुसता कोड फक्त जागा सांगतो, पण नावांसह कोडची यादी कोणाच्याही हाती पडू देऊ नका. २०२१ चे अमरावती आणि २०२३ चे अकोला पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

मोहल्ल्यातील पाच-सहा मुलामुलींनी एक रविवार दिला, तर गल्लीतील घराघराच्या दारावर डिजिपिन लिहून होईल. सुरुवात एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या घरांपासून करा.