बिलात गेलेली खाचरं

गुंजण मावळातला शेतकरी जमीन का विकतो, याची तीन उत्तरं मला पुण्यात नेहमी ऐकायला मिळतात: दारू, आळस आणि लग्नातला थाट. ही उत्तरं देणाऱ्यांना सोयीची आहेत, कारण त्यात दोष विकणाऱ्याचाच राहतो. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यापासून साखर-मार्गासनीपर्यंत कुणाच्याही ओटीवर बसून नीट विचारा. कितीतरी सौद्यांच्या आधी घरात कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं असतं.

आधी हातउसने होतात. मग बचत गटाचं कर्ज. मग बायकोचा डाग गहाण, मग दुभती म्हैस बाजारात. दूध बंद झालं की आठवड्याचा रोख पैसा बंद. कमावता माणूस खाटेवर, दुसरा त्याच्याजवळ पुण्यात, म्हणजे ऐन आवणीत दोन हात गेले आणि उरलेल्या कामाला मजूर लावायचे. शेवटी भाताचं खाचर. फार्महाऊससाठी जागा शोधणारा शहरी माणूस या खोऱ्यात बारमाही हिंडतो आहे आणि एजंटाला कुणाच्या घरात कोण ॲडमिट आहे हे बरोबर कळतं. ज्याचा बाप आयसीयूत आहे, त्याला गुंठ्याचा भाव करता येत नाही. संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरायचं असतं. मी याला व्यवहार म्हणायला तयार नाही. ही नडलेल्या माणसाची लूट आहे.

आकडेही हेच सांगतात. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात एकदा सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सव्वाचार हजारांच्या आसपास होता, खासगीत 27 हजारांच्या वर. दोन-चार खाचरं आणि थोडी वरकस असलेल्या घराला 27 हजार म्हणजे कर्ज. त्यात गाडीभाडं, खानावळ आणि बुडालेली मजुरी पुरती येत नाही.

यावर सरकारचं उत्तर म्हणजे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, आता सगळ्यांसाठी. योजनेनं जीव वाचवलेत, हे मी नाकारत नाही. पण ती ठरलेल्या उपचारांसाठी, ठरलेल्या रुग्णालयात आणि मुख्यतः दाखल झाल्यावरच लागू होते. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, निदान होईपर्यंत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात मारलेल्या खेपा, हे सगळं खिशातून. गोळी परवडत नाही म्हणून सोडली, पक्षाघात झाला, की मग योजना दारात येते. तोवर घर निम्मं बसलेलं असतं.

15 ऑगस्ट 2023पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण सीटी स्कॅन किंवा हृदयाचं काही निघालं की गुंजवण्याच्या माणसाला नसरापूरमार्गे साठेक किलोमीटरवरचं पुणंच गाठावं लागतं आणि तिथलं ससून रुग्णालय त्या निर्णयात नाही, कारण ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. दोन खात्यांच्या भिंतीशी आजारी माणसाचा काय संबंध? याच वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळात होऊ शकतो, मग ही भिंत का पाडता येत नाही?

आणि वैद्यकीय व्यवसायातल्या ‘कट’बद्दल, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनबद्दल, गप्प का बसायचं? डोंगरापलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावसकर आहेत. विंचूदंशावर प्राझोसिन ही स्वस्त गोळी कशी जीव वाचवते, हे त्यांनी जगाला दाखवलं. रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला 1,200 रुपयांचा धनादेश त्यांनी खिशात घातला नाही. 2013मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. 2017मध्ये राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. कायदा आला नाही. हे 1,200 रुपये कुणाच्या बिलात चढतात? म्हैस विकून आलेल्याच्याच. जे डॉक्टर प्रामाणिक आहेत त्यांनी या मसुद्यासाठी रस्त्यावर यायला हवं होतं. त्यांच्या संघटनांचं मौन मला अक्षम्य वाटतं.

सरकारकडे पैसा नाही, हे कारण मला सांगू नका. थायलंडने 2002पर्यंत 30 बाथांत उपचार देशभर सुरू केले. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं होती, आणि तालुक्याची रुग्णालयं त्याआधीच उभी केलेली होती. आपल्या 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे की 2020पर्यंत राज्यांनी अर्थसंकल्पातला 8 टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही पोचला नाही.

गुंजवण्यासारख्या गावांच्या ग्रामसभांनी आता तीन ठराव घ्यावेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रातच मिळाव्यात. ससूनचा केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत व्हावीत. कटविरोधी मसुदा येत्या अधिवेशनात मांडला जावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या ठरावांवर सही घ्यावी. जो सही करणार नाही त्याला गावात सभा घेऊ देऊ नये.