नुसते प्रोसेसर वाढवून भागत नाही



‘प्रोसेसर दुप्पट केले की संगणकाचा वेगही दुप्पट होतो’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान पटत नाही. नागपुरातच अभियांत्रिकी शिकलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला, त्यात 64 प्रोसेसर होते. अशा यंत्रावर केवळ पाच टक्के काम एकामागून एकच करावे लागणारे असले, तरी वेग जेमतेम पंधरा पट वाढतो. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी ही मर्यादा 1967 मध्येच दाखवून दिली होती.

खरी मेख कामाच्या वाटपात आहे. हवामानाच्या अंदाजासाठी नकाशाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे देतात. विदर्भावर ढग दाटले असतील, तर त्या तुकड्याचे गणित वाढते. निरभ्र आकाशाचा तुकडा सांभाळणारा प्रोसेसर आपले काम आटोपतो, पण शेजाऱ्याचे आकडे आल्याशिवाय त्याला पुढचा टप्पा गाठता येत नाही. तो नुसता ताटकळतो, वीज मात्र जळतच राहते. एकमेकांशी सतत बोलणारी कामे एकाच वेळी चालवली नाहीत, तर हाच घोळ आणखी वाढतो.

महासंगणकासाठी कोट्यवधी रुपये जनतेचे खर्च होतात. म्हणून प्रोसेसरची संख्या जाहीर करणाऱ्या संस्थांनी त्यांतले किती प्रत्यक्ष कामात असतात, हेही दरवर्षी जाहीर करावे, ही विनंती.

– एक वाचक, बेसा, नागपूर