स्टंपवरचा एक रुपया

दादरच्या शिवाजी पार्कवर सरावाची वेळ संपत आली, अंगातले त्राण सरू लागले, की प्रशिक्षक स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज फलंदाजाला बाद करील, नाणे त्याचे; फलंदाज अखेरपर्यंत टिकला, तर नाणे त्याचे. सचिन तेंडुलकर यांनी अशी तेरा नाणी मिळवली आणि पुढे अमाप यश व संपत्ती लाभल्यावरही ती जपून ठेवली. व्यापारी घराला हे वेगळे सांगावयास नको: नाण्यावर छापलेली किंमत एक असते, आणि ते ज्या श्रमाने मिळते त्याची किंमत दुसरी.

नाणे ठेवणारे गृहस्थ रमाकांत विठ्ठल आचरेकर. जन्म 3 डिसेंबर 1932, मूळ गाव मालवण. त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. 1963 मध्ये हैदराबाद येथे स्टेट बँकेच्या संघाकडून खेळलेला. नोकरीही त्याच बँकेतली. दिवसभर बँकेच्या खातेवह्या आणि उरलेल्या वेळी मैदान, असा त्यांचा संसार होता. स्वतःच्या खात्यावर एका सामन्याची जमा असलेल्या या माणसाने इतरांच्या मुलांची खाती मात्र भरभरून उघडली. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार ही त्यांतील काही नावे.

आचरेकर सर कडक म्हणून प्रसिद्ध होते. परंतु त्यांच्या कडकपणाला कान होते. थोरले बंधू अजित यांनी सचिनला प्रथम मैदानावर आणले, तेव्हा सरांच्या नजरेखाली तो मुलगा बावरला आणि त्याला धड खेळता आले नाही. अजितने विनंती केली, आपण दूर उभे राहून पुन्हा एकदा पाहावे. नामांकित प्रशिक्षकाने एका तरुणाचे म्हणणे मानले आणि ते बाजूला झाले. सर पाहत नाहीत असे वाटताच मुलगा मोकळेपणाने खेळला. त्या दिवशी सर आपल्या पहिल्या मतावर अडून बसले असते, तर काय झाले असते, हे सांगणे न लगे.

पुढे हाच मुलगा सरांच्या स्कूटरवर मागे बसून एका सामन्यातून दुसऱ्या सामन्याला जाऊ लागला. एकदा स्वतःचा सराव सामना चुकवून तो शाळेच्या मोठ्या संघाला टाळ्या वाजवावयास वानखेडेवर गेला. सरांनी सर्वांदेखत खडसावले. इतरांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ कर, हा त्याचा आशय. ही शिक्षा तेंडुलकर यांनी स्वतःच पुढे कृतज्ञतेने जगाला सांगितली.

फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या सचिन व विनोद या जोडीने नाबाद 664 धावांची भागीदारी केली. विनोद 349 वर होता. सरांनी फोनवरून डाव घोषित करावयास सांगितले. आणखी एक धाव काढू द्यावी, ही त्याची विनवणी त्यांनी मानली नाही. त्याच डावात पॅड बांधून दीर्घकाळ ताटकळलेला अमोल मुझुमदार हा मुलगाही सरांचाच शिष्य. एकाच गुरूच्या हाताखालची ही तीन मुले. तिघांच्या वाटा किती निराळ्या झाल्या! एकाला विक्रमांचे शिखर लाभले, एकाची तेजस्वी कारकीर्द लवकर आटोपली, एकाला भारताकडून कसोटी खेळण्याची संधीच मिळाली नाही. गुरू बीज पेरतो. पीक किती यावे, हे त्याच्या हाती नसते. मात्र वाट पाहावयास शिकलेला तो अमोल 2025 मध्ये विश्वविजेत्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. वारसा असाही पुढे जातो.

सरांचे घरही शिष्यांना परके नव्हते. मैदानावर रागावणारे सर घरी मुलांना जेवू घालीत. अशा माणसाचे मोठेपण मांडताना त्याच्या घरच्यांचे नाव जमेच्या बाजूला लिहावयाचे राहून जाते. मैदानाला दिलेली प्रत्येक संध्याकाळ घराच्या वाट्यातूनच जात असते, आणि ते देणे कुठल्याही खातेवहीत दिसत नाही.

1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व 2010 मध्ये पद्मश्री असे सन्मान आले. नोव्हेंबर 2013 मध्ये तेंडुलकर यांचा अखेरचा कसोटी सामना पाहावयास सर चाकाच्या खुर्चीतून वानखेडेवर आले होते. निरोपाच्या भाषणात शिष्याने सांगितले, की आपण गाफील राहू नये म्हणून सरांनी 29 वर्षांत एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही.

2 जानेवारी 2019 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी सर गेले. 3 डिसेंबर 2024 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

कौतुक राखून ठेवण्याची त्यांची रीत प्रत्येक मुलाला मानवेलच असे नाही. आजच्या पालकांनी ती जशीच्या तशी उचलू नये. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सरांनी शब्द राखले, वेळ मात्र कधीच राखला नाही. पेढीवरून घरी परतताना आपण मुलांसाठी काय आणतो, याचा हिशेब एखाद्या संध्याकाळी अवश्य करावा. खाऊ आणि भेटवस्तू बाजारात मिळतात. मुलाला स्कूटरवर मागे बसवून त्याच्या सामन्याला नेण्याचा वेळ मात्र आपला आपल्यालाच काढावा लागतो.